सात तारांचे व्हायोलिन : चौडय्या यांची घडण आणि कारकीर्द



बेंगळुरू शहराच्या दक्षिण भागात जे. पी. नगर ही विस्तीर्ण वसाहत आहे. लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीला कलेच्या दृष्टीने अलीकडच्या काळात विशेष महत्त्व आले आहे. नाटकासाठी बांधलेले ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह येथे २००४ साली सुरू झाले. २०१९ साली येथील सातव्या टप्प्यात ‘इंडियन म्युझिक एक्सपिरियन्स’ हे भारतीय संगीताला वाहिलेले संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतील वाद्ये तेथे पाहावयास मिळतात. बेंगळुरूतील इतर जुन्या-नव्या वसाहतींप्रमाणे येथेही संध्याकाळच्या वेळी व्हायोलिनची पेटी खांद्याला अडकवून शिकवणीस निघालेली मुले दिसतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना आपल्या हातातील वाद्य परदेशातून आले आहे याची आठवणही नसते, इतके ते या भूमीत रुजले आहे.

परंतु एखादे वाद्य रुजणे आणि त्या वाद्याचा वादक घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाद्य रुजण्यास शतक लागले. वादक घडण्यास एका माणसाचे तारुण्य खर्ची पडते. ही दुसरी गोष्ट कशी घडते, तरुण वादकाकडून ती कोणती किंमत मागते आणि त्याला काय देते, हे समजून घेण्यासाठी कर्नाटकाच्या भूमीतीलच एक चरित्र आज आपल्यासमोर ठेवावयाचे आहे. ते चरित्र म्हणजे तिरुमकूडलु चौडय्या यांचे.

चौडय्यांकडे वळण्यापूर्वी त्यांच्या वाद्याची पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासमधील इंग्रजांच्या वाद्यवृंदांतून व्हायोलिन दाक्षिणात्य संगीतकारांच्या कानांवर पडू लागले. मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बाळुस्वामी दीक्षितर यांनी ते रीतसर शिकून घेतले आणि आपल्या संगीतासाठी वापरले. तंजावरचा मराठा दरबार याच काळात संगीताचे मोठे केंद्र होता. दुसरे सरफोजी महाराज हे पाश्चात्त्य विद्यांचे आणि कलांचे चोखंदळ भोक्ते होते व त्यांच्या पदरी पाश्चात्त्य वाद्येही वाजत असत. मराठी वाचकाला ही गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. याच दरबारात नावारूपाला आलेल्या चार बंधूंपैकी वडिवेलु हे पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले. महाराजांनी १८३४ साली त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. शतकाच्या अखेरीस कर्नाटक संगीताच्या बैठकीत गायकाच्या शेजारी व्हायोलिन असणे हा नियमच होऊन गेला.

या प्रवासात वाद्याची घडण जवळजवळ जशीच्या तशी राहिली. बदलली ती ते धरण्याची आणि जुळविण्याची रीत. पाश्चात्त्य वादक उभा राहून अथवा खुर्चीवर बसून हनुवटीखाली वाद्य धरतो. दाक्षिणात्य वादक मांडी घालून बसतो, वाद्याची पाठ छातीला टेकवितो आणि त्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर ठेवतो. वाद्याला असा दुहेरी आधार मिळाल्यामुळे डाव्या हातावर त्याचा भार राहत नाही. तो हात पट्टीवर वरखाली मुक्तपणे फिरू शकतो, आणि कर्नाटक संगीताचा प्राण असलेली गमके त्यातून साधतात. चार तारा षड्ज-पंचम-षड्ज-पंचम अशा जुळविल्या जातात. सतारीला असतात तसे पडदे व्हायोलिनला नसतात. स्वर कोठे आहे हे बोटाला सांगणारी कोणतीही खूण पट्टीवर नसते. ते फक्त कानाने ठरवावयाचे असते. हीच या वाद्याची मोठी शक्ती आणि हीच नवशिक्याची मोठी परीक्षा होय.

चौडय्यांचा जन्म १ जानेवारी १८९५ रोजी म्हैसूरपासून सुमारे ३० किलोमीटरांवर असलेल्या तिरुमकूडलु नरसीपुर येथे झाला. कावेरी आणि कपिला या नद्यांचा तेथे संगम होतो आणि श्रद्धाळू लोक त्याला त्रिवेणी मानतात. वडिलांचे नाव अगस्त्ये गौड आणि आईचे सुंदरम्मा. म्हैसूर त्या काळी दक्षिणेतील अग्रगण्य संगीतनगरींपैकी एक होते. वीणा शेषण्णा, वासुदेवाचार्य यांच्यासारखे विद्वान राजाश्रयाने तेथे राहत होते. उत्तरेकडील गायकांचेही तेथे स्वागत होई. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ म्हैसूरच्या दरबारात गाऊन गेले होते आणि कर्नाटक संगीताशी त्यांचा जो परिचय झाला त्याच्या खुणा त्यांच्या गायकीत रसिकांना आढळत. अशा नगरीत चौडय्या १९१० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, दरबारचे विख्यात गायक बिडारम कृष्णप्पा यांच्याकडे शिष्य म्हणून आले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. व्हायोलिन शिकण्यासाठी हा मुलगा गायकाकडे गेला. पुढे ज्यांनी भारतीय व्हायोलिनला उंची दिली त्या अनेकांच्या बाबतीत हीच गोष्ट आढळते. महाराष्ट्रातील उदाहरणे घेतली तर गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे स्वतः मोठ्या योग्यतेचे गायक होते. वाई येथे १९२२ साली जन्मलेले विष्णु गोविंद जोग यांना श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचे मार्गदर्शन लाभले. दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांच्या वादनावर द. वि. पलुस्करांच्या गायकीचा संस्कार होता. दाक्षिणात्य घराण्यात जन्मलेल्या एन्. राजम् यांनी ओंकारनाथ ठाकुरांची गायकी व्हायोलिनवर उतरविली, आणि त्यांच्या कन्या संगीता शंकर व नाती रागिणी आणि नंदिनी यांनी मुंबईत ती परंपरा पुढे चालविली. भारतीय संगीताची मूळ कल्पना गळ्याची आहे. म्हणून आपल्याकडे वादकाची योग्यता त्याने वाद्याला किती गावयास लावले यावर ठरते.

कृष्णप्पांची शिस्त कठोर होती. चौडय्या त्यांच्याजवळ गुरुकुल पद्धतीने १९१० पासून १९२८ पर्यंत, म्हणजे सुमारे अठरा वर्षे शिकत राहिले. पंधरा ते तेहतीस हा माणसाच्या आयुष्यातील जो काळ प्रपंच उभारण्यात आणि नाव मिळविण्यात जातो, तो त्यांनी गुरूच्या छत्राखाली घालविला. कर्नाटक संगीताचा शिक्षणक्रम पुरंदरदासांनी घालून दिला असे परंपरा मानते. प्रथम सरळी, मग जंटी, मग अलंकार, त्यानंतर गीते, वर्णम् आणि सरतेशेवटी कृती, असा तो क्रम आहे. ऐकावयास तो सोपा वाटतो. परंतु जंटीमध्ये एकच स्वर लागोपाठ दोनदा घ्यावयाचा असतो आणि दुसऱ्यांदा घेताना त्याला हलका आघात द्यावयाचा असतो. गजाची दिशा न बदलता हा आघात केवळ बोटाने देणे साधावयास महिने लागतात. हाच पाठ तीन काळांत, म्हणजे विलंबित, त्याच्या दुप्पट आणि त्याच्या चौपट गतीत, एकाच ठेक्यावर वाजवावयाचा असतो. गती वाढली की गज लहान होतो, गज लहान झाला की स्वर कोरडा होतो. तो कोरडा होऊ न देणे हा सारा उजव्या हाताचा रियाज आहे.

या अभ्यासातून तरुण वादकाला तंत्र मिळते. परंतु कर्नाटक संगीतात व्हायोलिनवादकाची खरी कसोटी लागते ती साथीमध्ये. गायक कोणता राग आळवणार आहे, कोणती कृती निवडणार आहे, हे साथीदाराला पुष्कळदा व्यासपीठावरच कळते. तालीम झालेली नसते. गायक आलापाचा एक तुकडा म्हणतो, आणि तो पुरा होतो न होतो तोच वादकाने त्याची सावली धरावयाची असते. गायक थांबला की तोच राग आता वादकाच्या स्वाधीन होतो. तेथे त्याने आपले काही सांगितले पाहिजे. पण इतके नव्हे की गायकाने बांधलेले वातावरण मोडावे. निरवल् आणि कल्पनास्वर यांत तर प्रश्नोत्तरेच चालतात. गायकाने टाकलेला हिशेब त्याच क्षणी ओळखून त्याच्या तोडीचे उत्तर द्यावे लागते. साथीदाराचे काम दुय्यम आहे असे समजणाऱ्याने या प्रसंगाची कल्पना करून पाहावी. गायकाला एकच मन चालवावयाचे असते, साथीदाराला दोन.

चौडय्यांनी ही विद्या प्रथम आपल्या गुरूच्या मागे बसून हस्तगत केली. गुरू गातो आणि शिष्य वाजवितो या मांडणीत शिष्याची कुचराई लपत नाही, कारण त्याचा प्रत्येक स्वर ज्याने शिकविला तोच तो ऐकत असतो. हळूहळू इतर गायकांकडूनही त्यांना बोलावणी येऊ लागली आणि १९२०नंतरच्या दशकात आघाडीचे साथीदार म्हणून त्यांची गणना होऊ लागली. अरियक्कुडी रामानुज अय्यंगार, मुसिरी सुब्रमण्य अय्यर, चेंबै वैद्यनाथ भागवतर अशा थोर गायकांच्या बैठकी त्यांच्या व्हायोलिनने सजल्या. त्यांत चेंबै यांच्याशी त्यांचे सूर विशेष जुळले. चेंबै यांचा आवाज भरदार आणि खुला होता. त्या आवाजाला साजेशी साथ देणे हे नाजूक हाताचे काम नव्हते.

येथेच चौडय्यांच्या जीवनातील कळीचा प्रश्न उभा राहतो. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते. मंदिरांच्या प्रांगणांत, उत्सवांच्या मंडपांत शेकडो श्रोते जमत. मृदंगाचा ध्वनी दूरवर जाई, गायकाचा तापलेला आवाजही पोहोचे, परंतु मागच्या रांगांत बसलेल्या श्रोत्यांना व्हायोलिन जेमतेम ऐकू येई. व्हायोलिनची पोकळ लाकडी कुडी लहान असते. तारेचे कंपन घोडीमार्फत वरच्या फळीला आणि आतील खुंटीमार्फत खालच्या फळीला पोहोचते, आणि या दोन फळ्या हवेला हलवितात. या लहानशा देहातून निघणाऱ्या नादाला मर्यादा असते. गज अधिक दाबला तर नाद थोडा वाढतो, पण एका मर्यादेपलीकडे तो फाटतो. अर्थात ज्या वादकाने अठरा वर्षे स्वर गोल करण्यात घालविली, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरत होते. एक तर मागच्या श्रोत्यांना विसरावयाचे, नाहीतर स्वराचा गोडवा सोडावयाचा.

चौडय्यांनी तिसरा मार्ग शोधला. १९२७च्या सुमारास त्यांनी व्हायोलिनच्या चार तारांत आणखी तीन तारांची भर घातली आणि सात तारांचे व्हायोलिन सिद्ध केले. मूळच्या तारेला जोडीदार तार मिळाली की एकाच गजाखाली दोन तारा एकत्र बोलतात आणि नादाला भरीवपणा येतो, हे या योजनेमागील तत्त्व होते. बोलावयास ही गोष्ट जितकी सोपी तितकी करावयास अवघड. चार तारांसाठी बेतलेल्या मानेवर आणि घोडीवर सात तारांचा ताण पडतो. खुंट्या वाढवाव्या लागतात. घोडीवरील खाचा नव्याने पाडाव्या लागतात. त्याहून मोठी अडचण बोटांची. एका तारेऐवजी दोन तारा एकाच बोटाने, एकाच दाबाने, एकाच ठिकाणी दाबल्या गेल्या नाहीत, तर त्यांपैकी एक तार किंचित बेसूर होते आणि जो नाद भरीव व्हावयाचा तो गढूळ होतो. सुरांची जुळणी बैठकीच्या मध्यावर उतरली तर सात तारा पुन्हा मिळविण्यास वेळही नसतो. ज्याचा कान आणि हात दीर्घ अभ्यासाने पक्के झालेले नाहीत, त्याच्या हाती हे वाद्य शत्रूच ठरले असते. अठरा वर्षांच्या शिक्षणाचा अर्थ येथे उमगतो. गुरूने दिलेल्या अलंकारांच्या आवृत्त्या केवळ परंपरेच्या पालनासाठी नव्हत्या. परंपरेत भर घालण्याचे सामर्थ्यही त्यांतूनच आले.

श्रोत्यांनी या वाद्याचे स्वागत केले आणि सात तारांचे व्हायोलिन ही चौडय्यांची ओळख होऊन बसली. त्यांच्या काळात कुंभकोणम् राजमाणिक्कम् पिळ्ळै आणि द्वारम् वेंकटस्वामी नायडू हे आणखी दोन असामान्य व्हायोलिनवादक होते. राजमाणिक्कम् पिळ्ळै यांची साथ सौम्य आणि संयत म्हणून नावाजली गेली. द्वारम् यांनी व्हायोलिनच्या स्वतंत्र वादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. चौडय्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या घनगंभीर, दूरवर पोहोचणाऱ्या नादात आणि गायकाला धीर देणाऱ्या साथीत होते. एकाच वाद्यावर, एकाच काळात, तीन इतके वेगळे स्वभाव प्रकट व्हावेत, ही गोष्ट व्हायोलिन या भूमीत पुरते मुरल्याचीच साक्ष होती.

गुरू बिडारम कृष्णप्पा १९३१ साली निवर्तले. शिष्याची कीर्ती तोवर दक्षिणेत सर्वत्र पसरली होती. १९३९ साली चौडय्यांना म्हैसूरच्या दरबारात आस्थान विद्वान म्हणून स्थान मिळाले. त्यांनी रचनाही केल्या आणि त्यांत ‘त्रिमकुट’ ही मुद्रा वापरली. आपल्या जन्मगावाचा, म्हणजे त्या त्रिवेणी संगमाचा, त्यांना विसर पडला नव्हता हे या मुद्रेवरून दिसते. १९४३ साली ‘वाणी’ हा कन्नड बोलपट त्यांनी काढला आणि त्यात स्वतः भूमिकाही केली. पुढे विख्यात झालेल्या अभिनेत्री पंढरीबाई यांचे पडद्यावरील पदार्पण याच चित्रपटातून झाले. १९५७ हे वर्ष त्यांच्या सन्मानाचे ठरले. त्या वर्षी मद्रासच्या संगीत अकादमीने त्यांना ‘संगीत कलानिधी’ ही पदवी दिली आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना त्याच वर्षी लाभला. व्ही. सेतुरामय्या, आर. के. वेंकटराम शास्त्री यांच्यासारखे शिष्य त्यांनी तयार केले. १९ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने बेंगळुरूच्या मल्लेश्वरम् भागात एक सभागृह उभारण्यात आले. १९८० साली पूर्ण झालेल्या या वास्तूचा आकारच व्हायोलिनचा आहे. तारा, घोडी, खुंट्या आणि गज ही सारी अंगे तिच्या रचनेत दाखविली आहेत. हजाराहून अधिक श्रोते तेथे बसू शकतात. संगीतकारांच्या नावाने बांधलेल्या वास्तू आपल्या देशात थोड्या नाहीत. परंतु संगीतकाराच्या वाद्याचेच रूप घेतलेली वास्तू विरळाच. आणि ती एका साथीदाराच्या स्मरणार्थ आहे, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. ज्याला व्यासपीठाच्या मध्यभागी बसण्याचा मान क्वचित मिळे, त्याच्या नावाच्या व्यासपीठावर आता गायक मध्यभागी बसतात.

आता एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे उचित होणार नाही. सात तारांचे व्हायोलिन टिकले काय? त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, ते सर्वत्र रूढ झाले नाही. ध्वनिवर्धक आले आणि ज्या अडचणीतून हे वाद्य जन्मले ती अडचणच नाहीशी झाली. मागच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत नाद पोहोचविण्याचे काम विजेने पत्करले. पुढील पिढ्यांतील बहुतेक वादकांनी चार तारांचे सुटसुटीत वाद्यच पसंत केले. द्रुत गतीतील बारीक काम आणि सूक्ष्म गमके त्यावर अधिक सहज निघतात, हेही त्याचे एक कारण आहे. मग चौडय्यांचा तो खटाटोप व्यर्थ गेला असे म्हणावयाचे काय?

तसे म्हणता येणार नाही. साधन मागे पडले, पण त्या साधनामागील वृत्तीची गरज कमी झालेली नाही. ध्वनिवर्धकाने नाद मोठा होतो. तो भरीव होतोच असे नाही. पुष्कळदा असे घडते की, यंत्र आपला आवाज पोहोचवील या भरवशावर तरुण वादक गज हलका ठेवू लागतो आणि स्वरातील वजन हरवून बसतो. चौडय्यांच्या पिढीला ही सवलत नव्हती. दूरच्या श्रोत्याची जबाबदारी त्यांनी आपल्या हातावर घेतली होती. ध्वनिवर्धक बंद ठेवून मोठ्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला आपला प्रत्येक स्वर स्वच्छ ऐकू जातो की नाही, हे अधूनमधून पडताळून पाहणे आजच्या विद्यार्थ्यालाही अशक्य नाही.

दुसरी गोष्ट काळाच्या हिशेबाची. आज शाळा, महाविद्यालय, परीक्षा आणि नोकरी यांच्या फटीतून संगीत शिकावे लागते. जे. पी. नगर असो वा पुण्यातील एखादी पेठ, अठरा वर्षे गुरूच्या घरी राहणे आज कोणाला शक्य नाही आणि तशी अपेक्षा करणेही न्यायाचे होणार नाही. त्या पद्धतीत सोसावे लागलेले कष्ट सारेच काही स्तुत्य नव्हते. किती मुलांचे तारुण्य तेथे गेले आणि त्यांच्या हाती काहीच लागले नाही, याची नोंद चरित्रांत सापडत नाही. चरित्रे यशस्वी झालेल्यांचीच लिहिली जातात. तरीही पालकांनी आणि गुरुजनांनी एवढे ओळखावे की, व्हायोलिनसारख्या वाद्यात पहिली काही वर्षे बाहेरून पाहणाऱ्याला फळ दिसत नाही. कान तयार होत असतो आणि कानाची वाढ मोजता येत नाही. या काळात मुलाला स्पर्धेच्या व्यासपीठावर लोटण्यापेक्षा चांगल्या गायकांच्या बैठकीत बसविणे अधिक हिताचे असते. व्हायोलिनवादकाने गाणे ऐकले पाहिजे, आणि थोडेबहुत गायलेही पाहिजे. जो स्वर गळ्यात नाही तो बोटाला सापडत नाही.

तिसरी गोष्ट साथीची. आजच्या तरुण वादकाला स्वतंत्र मैफलीचे आकर्षण अधिक असते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्याचे मन ओळखून त्याच्या बरोबर चालण्याची विद्या एकट्याने वाजवून येत नाही. चौडय्यांची सारी कीर्ती या विद्येवर उभी होती. गायकाचा राग खुलावा म्हणून ते वाजवीत आणि तो खुलला की त्यांच्या व्हायोलिनला आपोआप उजाळा मिळे. मागच्या रांगेतील श्रोता आणि शेजारी बसलेला गायक या दोघांनाही त्यांनी आपल्या स्वरात सामावून घेतले. सात तारांच्या त्या वाद्याची आठवण आज याचसाठी ठेवावयाची आहे.